फ्रीजरमधला पाव

हॉस्टेलचं आयुष्य पावावर चालतं हे कोणी नाकारणार नाही. मेसमधली रविवारची मिसळ असो, नाक्यावरचं ऑम्लेट असो, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री स्टेशनजवळून आणलेला वडा असो, सोबत हातात असतो तो पावच. मात्र हा पाव घरी करता येतो, आणि त्याचं मळलेलं पीठ दगडासारखं गोठवून महिनाभर ठेवून नंतर भाजता येतं, असं सांगितलं की लोक संशयाने बघतात. पहिला प्रश्न ठरलेला, "गोठल्यावर यीस्ट मरत नाही का?" दुसराही ठरलेला, "कोपऱ्यावर बेकरी असताना हा उपद्व्याप कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. या लेखात दोन्हींची उत्तरं देतो, आणि जाता जाता आपल्या थर्मोडायनॅमिक्स, हीट ट्रान्सफर वगैरे पेपरांचा स्वयंपाकघरात काय उपयोग होतो तेही बघू.

माझ्यासाठी हा विषय नुसता हौसेचा नाही. माझी आत्या कल्याणला राहते. आतोबांची कंपनी बंद पडल्यापासून ती घरून पावाच्या ऑर्डरी घेते. सोसायटीतल्या वाढदिवसांचे बर्गरचे पाव, डबेवाल्या बायकांसाठी गव्हाचा पाव, शनिवारी पावभाजीची लादी. रोज पहाटे उठून मळायचं तर तिच्या हातांना झेपत नाही, म्हणून ती आठवड्यातून दोनदा मळते आणि फ्रीजरमध्ये ठेवते. दोन ताटं पीठ फुकट गेलं की त्या आठवड्यात हातात काही उरत नाही. त्यामुळे "पीठ किती दिवस टिकतं?" हा तिच्या दृष्टीने व्हायवातला प्रश्न नसून किराण्याच्या बिलाचा प्रश्न आहे. मी केमिकलला आहे म्हटल्यावर तो प्रश्न साहजिकच माझ्याकडे आला.

पाव आला कुठून

आधी थोडा इतिहास. 'पाव' म्हणजे पायाने मळलेला, असं लहानपणी आपल्या सगळ्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. ते खरं नाही. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला 'पांव' म्हणतात, त्यावरून आपला पाव आला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली. ठाणंही त्यांच्या ताब्यात होतं. मराठ्यांनी ते १७३७ मध्ये घेतलं आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. म्हणजे ज्या पट्ट्यात आज आपण लोकलला लटकून वडापाव खातो, तिथे दोनशे वर्षं पाव खाणाऱ्यांचं राज्य होतं. गोव्यात पाव भाजणाऱ्याला अजूनही पोदेर म्हणतात. तिकडे यीस्ट मिळत नसे तेव्हा पोदेर पीठ फुगवायला माडाची ताडी वापरत. त्या ताडीत काय होतं ते पुढे येईलच.

मुंबईत नंतर इराण्यांच्या आणि इतरांच्या बेकऱ्या आल्या, लाकडाच्या भट्ट्या आल्या, ब्रुन आणि लादी आली. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घातला असं सांगतात. त्यानंतर ठाण्याचा कुंजविहार काय, कल्याणचा खिडकी वडा काय, सगळी गाडी पावावरच चालली. लाकडाच्या भट्ट्यांचे दिवस मात्र भरत आले आहेत. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. असो. आपल्याला भट्टी लागणार नाही, ओटीजी पुरे.

पिठात काय चालतं

मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ग्लुटेनिन ताकद देतं, ग्लायडिन ताण देतं. पीठ ओढलं तर न फाटता पातळ पडद्यासारखं पसरतं ते या जोडीमुळे. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठात हे जाळं होत नाही, म्हणून भाकरी थापावी लागते आणि तिचा पाव होत नाही.

जाळ्यात हवा भरायचं काम यीस्टचं. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे तिचं लांबलचक नाव एकदा वाचून सोडून द्यायला हरकत नाही. ती साखर खाते आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर टाकते. हा वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगतं. ताडी आंबते तीसुद्धा यीस्टमुळेच, म्हणून पोदेरांचं काम भागत होतं. आंबणं हे जिवंत पेशींचं काम आहे हे लुई पाश्चरने १८५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवायला सुरुवात केली. आपल्या आज्या-पणज्या इडली-आंबोळीचं पीठ त्याआधीपासून आंबवत होत्याच, फक्त पेपर छापत नव्हत्या!

यीस्टचा स्वभाव आपल्यासारखाच आहे. २५ ते ३५ अंश सेल्सिअसला ती जोमाने काम करते, फ्रीजमध्ये ४ अंशांना पेंगते, शून्याखाली झोपते आणि ५५-६० अंशांच्या पुढे मरते. झोपणं आणि मरणं यातला जो फरक आहे, त्यावर फ्रीजरमधल्या पावाचा सगळा खेळ उभा आहे.

गोठताना काय होतं

पावाच्या पिठात वजनाच्या साधारण चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्यात मीठ-साखर विरघळलेली असल्यामुळे ते शून्याला गोठत नाही. काही अंश खाली गेल्यावर बर्फाचे स्फटिक व्हायला लागतात. शिवाय सगळं पाणी गोठतच नाही. बराच भाग प्रथिनांना आणि स्टार्चला इतका चिकटलेला असतो की उणे १८ ला सुद्धा तो बर्फ होत नाही.

स्फटिक झाले की तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, जाळं फाटतं. बर्फाचे स्फटिक सुयांसारखे ग्लुटेनच्या पडद्यात घुसतात. हळू गोठवलं तर स्फटिक थोडे पण मोठे होतात, लवकर गोठवलं तर पुष्कळ पण बारीक. जाळ्याला बारीक स्फटिक परवडतात.

दुसरी, काही यीस्ट मरते. बाहेरचं पाणी गोठलं की उरलेल्या पाण्यात मीठ-साखर दाट होते आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं (ऑस्मोसिस, दुसरं काय). सगळी यीस्ट मात्र मरत नाही. तिच्याजवळ ट्रेहॅलोज नावाची एक साखर साठवलेली असते. पेशीचं गोठण्यापासून आणि सुकण्यापासून रक्षण करायला ती उपयोगी पडते. गंमत अशी की यीस्टने एकदा कामाला सुरुवात केली की पहिल्यांदा ती हा साठाच खर्च करते. म्हणजे फुगायला लागलेलं पीठ गोठवलं तर आत जाणारी यीस्ट थंडीत स्वेटर काढून उभी राहिल्यासारखी असते. न फुगलेलं पीठ गोठवलं तर स्वेटर अंगावर असतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. यीस्ट मरते, पण थोडी मरते, आणि किती मरायची ते बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

तिसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. मेलेली यीस्ट गप्प बसत नाही. फुटलेल्या पेशींतून ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ बाहेर येतो. तो क्षपणकारक आहे, म्हणजे ग्लुटेनच्या साखळ्यांमधले गंधकाचे पूल तोडतो. परिणामी वायू कमी आणि जाळंही ढिलं. जुनं गोठवलेलं पीठ बसकं, चिकट होतं आणि पाव चपटा होतो, त्यामागे ही जोडगोळी असते. कारखान्यांत यावर उतारा म्हणून पिठात चिमूटभर ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व घालतात. मळताना हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचं रूप बदलतं आणि ते ग्लुटाथायोनला निकामी करतं. पूर्वी यासारख्याच कामासाठी पोटॅशियम ब्रोमेट वापरलं जायचं. कर्करोगाच्या शंकेमुळे एफएसएसएआयने २०१६ मध्ये ते मान्य पदार्थांच्या यादीतून काढलं. घरी यातलं काहीच लागत नाही. यीस्ट थोडी जास्त घ्यायची, पीठ फुगण्याआधी गोठवायचं आणि फार दिवस ठेवायचं नाही, एवढे तीन नियम पुरतात.

आता जरा हिशेब. एक किलो पीठ २५ अंशांवरून उणे १८ ला न्यायचं तर साधारण १०० किलोज्यूल नुसतं थंड करायला लागतात. त्यातलं पाव किलोच्या आसपास पाणी बर्फ होतं असं धरलं तर त्याची सुप्त उष्णता ८०-९० किलोज्यूल. मिळून २०० च्या आतबाहेर. म्हणजे अडीच लिटर पाणी २० अंशांनी थंड करण्याइतकं काम. फ्रीजरला ते जड नाही, खरी अडचण वेगाची आहे. मेकॅनिकलवाल्यांना प्लँकचं समीकरण आठवत असेल. गोठायला लागणाऱ्या वेळात दोन भाग असतात. एक जाडीच्या प्रमाणात वाढतो (बाहेरच्या हवेचा अडथळा), दुसरा जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात (आतल्या वहनाचा अडथळा). म्हणून एक किलोचा एकच लोळा फ्रीजरमध्ये टाकला तर मधला भाग कित्येक तास गार होत नाही, आणि तोवर आतली यीस्ट मजेत स्वेटर खर्च करत बसते. त्याच पिठाचे ६० ग्रॅमचे चपटे गोळे करून स्टीलच्या ताटात ठेवले तर तीन-चार तासांत दगड होतात. स्टील घेतलं तर खालूनही उष्णता निघते. प्लॅस्टिकचा डबा मधे आला की तो स्वेटर घालतो, पण चुकीच्या ठिकाणी.

पाण्याचं तापमान

आपल्याकडचं घरगुती पाव करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे उकाडा. परदेशी पुस्तकांत 'कोमट पाण्यात यीस्ट फुलवा' असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये ठाण्या-डोंबिवलीत गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी आधीच कोमट असतं. त्यात मळलेलं पीठ गोळे वळेपर्यंत फुगायला लागतं, आणि गोठवायच्या पिठाला तेच नको असतं.

बेकरीवाले यासाठी एक सोपं सूत्र वापरतात. मळून झाल्यावर पिठाचं जे तापमान हवं त्याची तिप्पट करायची. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळताना घर्षणाने वाढणारे अंश वजा करायचे. उरतं ते पाण्याचं तापमान. आपल्याला पीठ २२ अंशांना हवं आहे. मे महिन्यात खोली ३२, मैदा ३२ आणि हाताने मळण्याचे २ अंश धरा. ६६ वजा ६६, म्हणजे शून्य. चक्क बर्फाचं पाणी! तेच जानेवारीत कल्याणला पहाटे खोली २२ आणि मैदा २२ असला तर ६६ वजा ४६, म्हणजे २० अंश. आपलं साधं माठातलं पाणी चालेल. एकच कृती वर्षभर का चालत नाही त्याचं हे कारण. पावसाळ्यात आणखी एक भर पडते. मैदा हवेतला ओलावा पितो, तेव्हा पाणी एक-दोन चमचे कमी घालायचं.

कृती

साधारण १४ पावांसाठी: मैदा ५०० ग्रॅम, पाणी २८० मिलिलिटर (वरच्या सूत्राप्रमाणे गार), साखर ३० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम (दीड लहान चमचा), दुधाची पावडर २० ग्रॅम, लोणी किंवा तेल ३० ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट १० ग्रॅम (तीन लहान चमचे सपाट). लगेच भाजायचा पाव असता तर यातली निम्मी यीस्ट पुरली असती. जास्तीची यीस्ट म्हणजे फ्रीजरचा कर.

१. मैदा, साखर, मीठ आणि दुधाची पावडर एकत्र करा. गार पाणी घालून तीन-चार मिनिटं मळा. यीस्ट अजून घालायची नाही. कोरडी यीस्ट थेट बर्फाच्या पाण्यात पडली तर पेशींना गळती लागते आणि तेच ग्लुटाथायोन सुरुवातीलाच पिठात उतरतं.

२. पीठ एकजीव झालं की यीस्ट भुरभुरा आणि पुन्हा मळा. शेवटी लोणी. एकूण १२ ते १५ मिनिटं तरी मळायचं. छोटा तुकडा बोटांवर ताणून उजेडात धरा. न फाटता पलीकडचं अंधुक दिसलं की जाळं तयार झालं. इथे कंटाळा करू नये, कारण फ्रीजर या जाळ्याचं नुकसान करणार आहे. आधी जितकं घट्ट विणाल तितकं शेवटी उरेल.

३. झाकून फक्त दहा मिनिटं विश्रांती. फुगायला ठेवायचं नाही.

४. ६०-६२ ग्रॅमचे गोळे वळा. वरचा भाग ताणून खाली दुमडायचा, पुरणपोळीचा उंडा बंद करतो तसा. थोडे चपटे करून तेलाचा हात लावलेल्या स्टीलच्या ताटात सुटे ठेवा आणि फ्रीजरच्या तळाशी, मागच्या बाजूला ठेवा.

५. तीन-चार तासांनी कडक झाले की पिशवीत भरा. हवा दाबून काढा, नाहीतर कोरड्या हवेत बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि पिठाला पांढरी, चामड्यासारखी साल येते. पिशवीवर तारीख लिहा. "लक्षात राहील" असं म्हणणारे लोक सबमिशनची तारीखही लक्षात ठेवतात!

किती टिकतं? मैद्याचं पीठ घरच्या फ्रीजरमध्ये तीन-चार आठवडे चांगलं राहतं. नंतर ते खराब होतं असं नाही, पण पाव उत्तरोत्तर बसका होतो. कारखान्यांत हेच पीठ काही महिने ठेवतात, कारण तिथे उणे ३०-४० अंशांच्या जोराच्या वाऱ्यात गोठवून नंतर तापमान हलू देत नाहीत. आपल्या फ्रीजरचं दार दिवसातून दहादा उघडतं. दर वेळी तापमान वर-खाली झालं की बारीक स्फटिक विरघळतात आणि मोठ्यांवर जाऊन बसतात. मोठा मासा छोट्या माशाला खातो त्यातला प्रकार. केमिकलवाल्यांना याचं नाव सांगायची गरज नाही. म्हणून पीठ दाराजवळ ठेवू नये, आणि पिठाच्या फ्रीजरमध्ये मुलांचं आइस्क्रीम ठेवू नये. आत्याकडे हा दुसरा नियम लागू करायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

गव्हाच्या पिठाचं जरा वेगळं आहे. त्यातल्या कोंड्याच्या कडा ग्लुटेनला आधीच कापत असतात, वर बर्फाच्या सुया. निम्मा मैदा निम्मी कणीक घ्यावी, पाणी थोडं वाढवावं आणि दहा-बारा दिवसांत संपवावं. आत्याच्या गव्हाच्या पावाला सगळ्यात जास्त मागणी असते आणि तोच सगळ्यात कमी टिकतो. त्यामुळे आता ती त्याचं पीठ ऑर्डर आल्यावर त्याच आठवड्यात मळते आणि मैद्याचं तेवढं साठ्याला ठेवते.

बाहेर काढल्यावर

घाई करायची नाही, हा एकच मंत्र. गोठलेला गोळा उन्हात किंवा गरम पाण्यावर ठेवला तर बाहेरचा थर फुगून आंबतो आणि आत बर्फच राहतो. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आठ-दहा तास खालच्या फ्रीजमध्ये. मग बाहेर काढून तेल लावलेल्या ट्रेमध्ये जवळजवळ मांडायचे, म्हणजे फुगताना एकमेकांना चिकटून लादी होते. वर ओलं फडकं. उन्हाळ्यात दीड तास, थंडीत अडीच तास. दुप्पट झाले की नाही ते बोटाने बघा. हलकेच दाबल्यावर खड्डा सावकाश आणि अर्धाच भरला तर वेळ झाली. चटकन भरला तर थांबा. भरलाच नाही तर लगेच ओव्हनमध्ये घाला, आधीच उशीर झालाय.

नोकरीच्या घरात याचं वेळापत्रक असं बसतं. सकाळी लोकलला निघताना गोळे फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये. संध्याकाळी साडेपाचला घरी जे कोणी असेल (आमच्याकडे आजी) त्याने ट्रे बाहेर काढायचा. साडेसातला मंडळी जिना चढतात तेव्हा ओव्हन तापलेला असतो आणि आठला पाव ताटात. मळण्याची मेहनत रविवारी, भाजण्याचा आनंद बुधवारी. फ्रीजरचा खरा फायदा इथे आहे. तो पाव टिकवतो त्यापेक्षा कामाचे दोन तुकडे करतो.

ओव्हन २०० अंशांना दहा मिनिटं आधी तापवा. पावांना दुधाचा हात लावून १५ ते २० मिनिटं भाजा. पहिल्या काही मिनिटांत पाव एकदम उसळतो. त्यात यीस्टचा अखेरचा जोर असतो, गरम वायूचं प्रसरण असतं, पिठात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो आणि अल्कोहोलची वाफ होत असते. मग यीस्ट मरते, स्टार्च पाणी पिऊन घट्ट होतो आणि पावाचा सांगाडा उभा राहतो. सालीचं पाणी उडून तापमान १४० च्या वर गेलं की तो खमंग तपकिरी रंग येतो. आत साधारण ९५ अंश झाले की पाव झाला. थर्मामीटर नसेल तर खालून टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. बाहेर काढल्यावर लगेच लोण्याचा हात आणि वर फडकं, म्हणजे साल मऊ राहते.

ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई किंवा पातेलं घ्या. आत स्टँड, वर घट्ट झाकण, मंद आचेवर दहा मिनिटं तापवा आणि पावाचा डबा स्टँडवर ठेवा. २५-३० मिनिटं लागतात. वरून रंग येत नाही, तेव्हा शेवटी तव्यावर लोणी टाकून उलटा करायचा. अनेक जण कुकर शिट्टी आणि रिंग काढून वापरतात, पण कोरडा तापवणं कुकरला मानवत नाही. आणि हॉस्टेलच्या खोलीत यातलं काहीही करायचं नाही बरं का. ओटीजी दीड किलोवॅटचा असतो. त्याने आधी फ्यूज जाईल, मग रेक्टर येतील. सुट्टीत घरी करा, किंवा स्टाफ क्वार्टर्समधल्या एखाद्या मॅडमना गाठा.

वीज गेली तर

आत्याचा खरा प्रश्न हा होता. आपल्या भागात वीज जाणं नवं नाही. २००५ नंतरची काही वर्षं मुंबईत दिवे असायचे आणि ठाणे-कल्याणकडे भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात बघून गिरणीत जायचं, हे घरातली मोठी माणसं अजून सांगतात. २६ जुलै २००५ ला तर कल्याणच्या सखल भागांत पाणी शिरलं, लोकल बंद पडल्या, वीज गेली. फ्रीज म्हणजे तेव्हा नुसतं कपाट होतं. आता भारनियमन तसं राहिलेलं नाही, पण दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असण्याचे शुक्रवार येतात, आणि शनिवारी आत्याची मोठी ऑर्डर असते.

भरलेला फ्रीजर दार न उघडता दोन दिवसांच्या आसपास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला एक दिवस, असा सर्वसाधारण नियम आहे. पण तो मोठ्या, स्वतंत्र फ्रीजरचा. आपल्या एका दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या कप्प्याला निम्माही वेळ धरू नये. इथे सुप्त उष्णता कामाला येते. बर्फ वितळताना भरपूर उष्णता खातो आणि तोवर तापमान शून्याच्या आसपास अडून राहतं. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या (तीन चतुर्थांश भरून, कारण बर्फ फुगतो) गोठवून ठेवायच्या. पिठाच्या पिशव्या त्यांच्या मधे. खर्च शून्य, आणि दिवसभराच्या शटडाऊनला हा उपाय पुरतो. आत्याकडे आता गुरुवारी रात्री हा कार्यक्रम ठरलेला आहे. गेल्या उन्हाळ्यात असाच एक शुक्रवार संध्याकाळपर्यंत लांबला, तेव्हा गोळे बाहेरून जरा नरम झाले होते पण आत कडक होते. शनिवारची लादी वेळेवर गेली.

तरी पीठ सुटलंच तर? अजून फ्रीजइतकं गार असेल तर पुन्हा गोठवता येतं, पण यीस्टचा दुसऱ्यांदा बळी जातो आणि पाव बसतो. त्यापेक्षा वीज आल्यावर लगेच फुगवून भाजून टाकावं आणि तयार पाव गोठवावेत. पीठ तासन् तास कोमट राहिलं असेल, वास उग्र आंबट येत असेल, त्यात दूध-अंडं असेल, तर मन घट्ट करून टाकून द्यायचं. विकायच्या मालाला तर दुसरा विचारच नको. घरून विकताना एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीपेक्षा मोठी असते ती शेजाऱ्यांची खात्री. एकदा कोणाचं पोट बिघडलं की लिफ्टमध्ये लोक बोलायचे थांबतात.

जाता जाता एक गोष्ट हॉस्टेलवाल्यांसाठी. तयार पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. पाव शिळा होतो तो मुख्यतः वाळून नव्हे, तर स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसल्याने. ही रांग सगळ्यात वेगाने लागते ती शून्याच्या जरा वर, म्हणजे नेमकी फ्रीजच्या तापमानाला. बाहेर ठेवलेला पाव त्यापेक्षा मऊ राहतो. जास्त दिवस ठेवायचा तर थेट फ्रीजरमध्ये टाका आणि खाताना तव्यावर गरम करा. कालचा कडक पाव गरम केल्यावर मऊ होतो, कारण उष्णतेने ती रांग मोडते.

परवडतं का?

आता दुसरा प्रश्न. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर साधा लादी पाव बेकरीपेक्षा घरी स्वस्त पडत नाही. दीड किलोवॅटचा ओव्हन ४० मिनिटं चालला तर जास्तीत जास्त एक युनिट वीज, त्यात मैदा, लोणी, यीस्ट. बेकरीवाला एका भट्टीत शेकडो पाव भाजतो, त्याच्याशी आपली बरोबरी नाही. सकाळी सायकलवरून पत्र्याची पेटी घेऊन येणारा पाववाला जिंकणारच, आणि जिंकावाच.

पण जे त्याच्या पेटीत नसतं ते घरी होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेल्या आजोबांचा कमी मिठाचा पाव. (मीठ कमी केलं की यीस्ट जास्त जोरात धावते, तेव्हा फुगण्याकडे लक्ष ठेवायचं.) दूध न चालणाऱ्या मुलाच्या वाढदिवसाचे बर्गर. निम्म्या कणकेची लादी. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर बाजारात मिळणारे गोठवलेल्या पिठाचे गोळे आणून त्याचा पाव भाजतात आणि त्यात वडा घालतात, कारण तिथे आपल्यासारखी लादी प्रत्येक कोपऱ्यावर मिळत नाही. आपल्याकडे ही गरज नाही, पण वेळ तर आपल्याकडेही नाही. ज्या घरात सगळे सातच्या लोकलला पळतात तिथे वेळेला पैशाइतकीच किंमत आहे.

आत्याच्या हिशेबाने बघितलं तर गोष्ट आणखी सरळ आहे. रोज मळावं लागलं असतं तर हा उद्योग सहा महिन्यांत बंद पडला असता. आठवड्यातून दोनदा मळल्यामुळे तो चालला आहे. तिच्या फ्रीजरच्या दारावर आता एक कागद चिकटवलेला आहे: मैदा चार आठवडे, निम्मी कणीक दहा दिवस, आइस्क्रीम खालच्या मजल्यावर. कोणाला करून बघायचं असेल त्यांनी आधी अर्ध्या किलोनेच सुरुवात करा, पिशवीवर तारीख घाला, आणि चार आठवड्यांत दर रविवारी दोन-दोन गोळे भाजून शेजारी शेजारी ठेवा. कितवा आठवडा आपल्या फ्रीजरला मानवतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल. या प्रयोगाला जर्नल लिहावं लागत नाही, आणि रीडिंग चुकलं तरी खाता येतं!